खांदा एका जागी थांबत नाही

हात डोक्यावर उचलणाऱ्याच्या पाठीवर तळवा ठेवून पाहिलं, तर खांद्याचं पातंही सरकताना जाणवतं. १९४४ साली संशोधक इन्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही भागीदारी मोजली. हात १८० अंश वर जातो, त्यातले साधारण १२० अंश खांद्याच्या सांध्यातून येतात आणि उरलेले ६० पात्याच्या फिरण्यातून.

सांधा तसा बेभरवशाचाच. दंडाच्या हाडाचा गोल माथा मोठा आणि त्याची खोबण बशीसारखी उथळ. म्हणूनच खांदा इतका मोकळा फिरतो, आणि निखळण्यातही अव्वल! चार स्नायू तो माथा खोबणीत दाबून धरतात.

हाताला व्यायाम देणारी यंत्रं बनवणाऱ्या अभियंत्यांची पंचाईत इथेच होते. कारखान्यातल्या यांत्रिक हाताच्या खांद्याचा अक्ष जागचा हलत नाही; माणसाच्या खांद्याचा मात्र हात वर जाताना केंद्रबिंदूच सरकतो. पक्षाघातानंतर व्यायाम करून घेणाऱ्या यांत्रिक सांगाड्याने हे ओळखलं नाही, तर तो रुग्णाचा खांदा भलतीकडे ओढतो. झुरिकच्या ईटीएच संस्थेतल्या ‘आर्मिन’ या सांगाड्यात म्हणून हे सरकणं हिशेबात घेतलं गेलं. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातल्या ‘हार्मनी’ने तर पात्याची हालचालही सांभाळली.

फिजिओथेरपिस्टची जागा ही यंत्रं घेत नाहीत. तीच हालचाल न थकता पुन्हा पुन्हा करून घेणं, एवढंच त्यांचं काम.