तिमोरच्या दावणीचा हिशेब

इंडोनेशियाच्या पूर्वेकडील तिमोर बेटावर, कुपांग शहराच्या दक्षिणेस, अमारासी नावाचा जो डोंगराळ मुलूख आहे, तेथील रयतेच्या घराशेजारी एखाददुसरा तांबूस खोंड दाव्याला बांधलेला असतो आणि त्याच्यापुढे दररोज हिरव्या पाल्याचे भारे येऊन पडत असतात. हा खोंड ‘बाली’ जातीचा, म्हणजे बांटेंग नामक रानबैलाचा माणसाळलेला वंशज होय. चरावयास न सोडता जागेवरच खाऊ घालून त्याला मांसाच्या बाजारासाठी पुष्ट करण्याच्या या पद्धतीस तेथे ‘पारोन’ म्हणतात. एवढ्या लहानशा धंद्याचे यश कशावर अवलंबून असावे, असे विचारले तर पुष्कळजण जनावराच्या जातीकडे बोट दाखवतील. माझ्या मते ते पाल्यात आणि काळात आहे.

तिमोरमध्ये वर्षातले सात-आठ महिने कोरडे जातात. या अवधीत गवत उभे असते, परंतु ते वाळून त्यातील प्रथिनांचे प्रमाण शेकडा 7 च्या खाली उतरले की एक विलक्षण प्रकार घडतो. गुरांच्या कोठीपोटात वसणारे असंख्य सूक्ष्मजंतू हे गवताचे खरे पाचक असून, प्रथिनांतील नायट्रोजन न मिळाल्याने त्यांचीच उपासमार होते. मग खाल्लेला चारा लवकर पुढे सरकत नाही, पोट भरल्यासारखे राहते, जनावर आणखी कमी खाते आणि समोर वैरण असूनही रोडावत जाते. दावणीवरच्या त्या हिरव्या भाऱ्यांतील सुबाभळीच्या पाल्यात मात्र प्रथिनांचे प्रमाण शेकडा 20 ते 25 असते आणि तिची मुळे खोल जात असल्यामुळे भर उन्हाळ्यातही ती बरीचशी हिरवी राहते. केवळ गवतावर दिवसाला शे-दीडशे ग्रॅमने वाढणारा खोंड सुबाभळीवर सुमारे अर्ध्या किलोने वाढतो. ज्या 50 किलोंसाठी एरवी अकरा महिने लागले असते ते शंभर दिवसांत अंगी लागतात. आणि जनावराच्या केवळ जिवंत राहण्यावर रोज जो खुराक खर्ची पडतो, तो उरलेल्या सात-आठ महिन्यांचा सबंध वाचतो.

ही झाडे अमारासीत आपोआप उगवलेली नाहीत. 1930 नंतरच्या दशकात तेथील संस्थानी अंमलाने शेतकऱ्यांनी शेत पडीक टाकण्यापूर्वी समपातळीवर सुबाभळीच्या ओळी लावाव्यात असा दंडक घातला. वरून आलेल्या हुकमांचे भवितव्य बहुधा दप्तरातच संपते, पण हा हुकूम रुजला, आणि जमीन राखण्यासाठी लावलेले झाड पुढे गुरांचे अन्न झाले. एकाच झाडावर सारा भार टाकण्याचा धोकाही पुढे दिसला. पाल्याचा रस शोषणारी सूक्ष्म कीड 1986 मध्ये इंडोनेशियात पोहोचली आणि कोवळे शेंडे करपून गेले. कीड सोसणारे वाण नंतर आले.

पाल्यात विषही आहे. त्यातील मिमोसीन नामक द्रव्यापासून कोठीपोटात जो पदार्थ बनतो, तो थायरॉइड ग्रंथीला बाधक ठरतो. सवय नसलेल्या जनावराचे केस गळतात, वाढ खुंटते. हवाईतील बकऱ्या मात्र हाच पाला सुखाने पचवतात हे पाहून ऑस्ट्रेलियाच्या रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाने त्यांच्या कोठीपोटातील सूक्ष्मजंतूंचा माग काढला, आणि 1980 नंतरच्या काही वर्षांत ते ऑस्ट्रेलियातील गुरांना देऊन हा दोष पुष्कळसा आटोक्यात आणला. त्या जंतूच्या शास्त्रीय नावात आज जोन्स यांचे नाव गोवलेले आहे. (आपल्याकडे मणिभाई देसाईंच्या उरुळीकांचनच्या संस्थेने ज्या सुबाभळीचा हिरिरीने प्रसार केला, ती हीच.)

आता श्रमांकडे पाहू. दोनशे किलोच्या खोंडाला दिवसाला सुमारे पाच किलो कोरडा अंश लागतो, म्हणजे ओला पाला अठरा-वीस किलो. तो तोडायचा, डोक्यावरून वा खांद्यावरून आणायचा, शिवाय पाणी वाहायचे. त्यामुळे एका घराला दोन-तीन जनावरांपलीकडे मजल मारणे कठीण, आणि भांडवल पुरवून ही मर्यादा हटत नाही.

मोठी गळती बाजारात होते. तराजू क्वचितच असतो. हेडे नजरेने वजनाचा अदमास घेतात, आणि रोज तीच नजर चालवणाऱ्यापुढे वर्षाकाठी एक खोंड विकणारा हरणारच. छातीचा घेर फितीने मोजून वजन ताडण्याची सोपी रीत आहे. किमान तेवढी तरी प्रत्येक घरी असावी. कुपांगहून जावाकडे जहाजाने जाणाऱ्या गुरांचे वजन वाटेत घटते, तीही तूट व्यापारी आधीच दरातून कापून घेतो. बकरी ईदला मागणी चढते, पण ती तिथी दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकते. तेव्हा आज कोरड्या ऋतूच्या आरंभी येणारा सण काही वर्षांनी पावसाळ्यात येतो, आणि खोंड केव्हा बांधावा याचे जुने गणित चुकू लागते.

ज्याच्यापाशी खोंड घेण्याइतका पैसा नाही, तो दुसऱ्याचे जनावर अर्धेलीने पाळतो आणि विक्रीनंतर नफा वाटून घेतो. येथे काळाचा प्रश्न तीव्र होतो, कारण वाटणी जनावरामागे ठरते, दिवसांमागे नव्हे: वाढ मंदावली तर धन्याची रक्कम तेवढी अडकून पडते, पण पाला वाहणाऱ्याला त्याच हिश्श्यासाठी तिप्पट खेपा घालाव्या लागतात. म्हणून अशा करारात सुबाभळीची ओळ कोणाच्या जमिनीत आहे, हे खोंडाच्या किमतीइतकेच आधी विचारून घ्यावे.