नामंजुरीचा कागद आणि जवानाचा हक्क

सातारा जिल्ह्यातील अपशिंग्यासारख्या, घरटी माणूस फौजेत धाडणाऱ्या गावात आजारपणामुळे मुदतीआधी परतलेल्या जवानाच्या हाती जेव्हा ‘सदर व्याधी लष्करी सेवेमुळे उद्भवलेली नाही, व सेवेने बळावलेलीही नाही’ अशा शेऱ्याचा कागद पडतो, तेव्हा अपंगत्व निवृत्तिवेतनाची आशा तेथेच सोडली जाते. कारण वैद्यकीय मंडळाचे मत म्हणजे ब्रह्मलिखित, त्यापुढे न्यायासनाचेही काही चालत नाही, हा समज फार खोलवर रुजलेला आहे.

न्यायालय रोग्याची नाडी पुन्हा पाहत नाही, आणि तज्ज्ञांच्या मताचा सहसा मान राखते, एवढे त्यात खरे आहे. परंतु ते मत कोणत्या कारणांवर उभे आहे, हे विचारण्याचा अधिकार न्यायालयाने कधीही सोडलेला नाही. धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात, १९८५ साली भरती झालेल्या जवानास सुमारे नऊ वर्षांच्या नोकरीनंतर अपस्मारामुळे, २० टक्के कायम अपंगत्व ठरवून, सेवेतून कमी करण्यात आले. व्याधीचा सेवेशी संबंध नाही, असे मंडळाने लिहिले. तो का नाही, हे मात्र लिहिले नाही. भरतीच्या वेळच्या दप्तरातही त्या व्याधीची नोंद नव्हती. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या याच उणिवेवर बोट ठेवून त्यांचा हक्क मान्य केला.

आजार सेवेमुळेच जडला हे जवानानेच सिद्ध केले पाहिजे, हा दुसरा समज मला अधिक क्लेशदायक वाटतो. अशा निवृत्तिवेतनाची पात्रता ठरवणाऱ्या १९८२ च्या नियमांनुसार पुराव्याचा भार दावेदारावर नाही, व रास्त संशयाचा लाभ त्यालाच मिळावयाचा आहे. भरतीच्या वेळी ज्याची नोंद नव्हती तो आजार सामान्यतः सेवाकाळातच उद्भवला असे मानावयाचे, आणि तो तेव्हा तपासणीत सापडण्याजोगा नव्हता असे वैद्यकांना म्हणावयाचे असेल, तर त्यांनी कारणे द्यावयाची. आजार आघाडीवर जडला की शांततेच्या ठाण्यावर, यानेही फरक पडत नाही. पुढे २००८ व २०२३ मध्ये नवे नियम आले, म्हणून आपल्या निवृत्तीच्या तारखेस कोणते लागू होते हे आधी पाहावे.

दाद मागण्यासाठी दिल्ली गाठावी लागते, असेही नाही. २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे एक पीठ मुंबईत आहे. मात्र खात्याकडील अपिले आधी संपवावी लागतात, आणि अखेरच्या हुकुमापासून सहा महिन्यांत अर्ज करावयाचा असतो. न्यायाधिकरणाच्या निर्णयावर उच्च न्यायालयात रिट करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली स्पष्ट केले.

मुदत टळली तरी सर्व बुडाले असे नव्हे. निवृत्तिवेतन न देणे हा दर महिन्यास नव्याने घडणारा अन्याय असल्याने उशिराचा दावाही ऐकला जातो. थकबाकी मात्र, सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या तरसेम सिंग निकालाप्रमाणे, बहुधा दाव्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. ज्याने वीस वर्षे वाट पाहिली, त्याच्या पदरी तीनच पडतात.

तेव्हा कागद हाती पडताच वैद्यकीय मंडळाच्या संपूर्ण कार्यवाहीची आणि भरतीच्या वेळच्या तपासणीची नक्कल लेखी अर्जाने मागवावी, व अर्जाची पोच जपून ठेवावी.