पंगतीतला आग्रह आणि पोटातलं घ्रेलिन

साताऱ्याचा कंदी पेढा आणि सांगलीची भडंग यांच्या टापूत राहणाऱ्याला ‘तोंडावर ताबा ठेव’ म्हणणं सोपं. पण भुकेचा कारभार तोंड पाहत नाही. जठराच्या वरच्या फुगीर भागात घ्रेलिन हे संप्रेरक तयार होतं. 1999 मध्ये जपानी संशोधकांनी ते शोधलं. उपासतापास करून वजन उतरवलं की घ्रेलिन उलट चढतं आणि भूक खवळते. आळशी, खादाड ही विशेषणं म्हणून जरा जपून वापरावीत.

वजन घटवण्याच्या ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत दुर्बिणीतून जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग काढतात. केळ्याएवढी नळी उरते, घ्रेलिनही घटतं. नितीन गडकरींनी 2011 मध्ये वजन घटवण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. तेव्हापासून हा विषय आपल्याकडे घराघरात पोचला.

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा दाखला दिला होता. ब्रिटिश सहकाऱ्याचा आणि त्यांचा बीएमआय सारखाच, 22.3, चरबी मात्र त्याची 9.1 टक्के, यांची 21.2! भारतीयांसाठी शस्त्रक्रियेची बीएमआय-मर्यादा 40 ऐवजी 37.5, मधुमेहासारखा आजार असल्यास 32.5 धरत आले, ते अशाच कारणाने.

शस्त्रक्रियेची भीती वाटते? साहजिक आहे. मात्र पुढची शिस्त अधिक अवघड: आधी प्रथिनं, जेवताना पाणी नाही, बी-12 आणि लोहाच्या तपासण्या जन्मभर. आणि लग्नाच्या पंगतीत मावशी जिलेबी घेऊन आल्या, की ताटावर आडवा हात.