मोटर न्यूरॉन डिसीज : उपशामक सेवा केव्हापासून?

निदान झालं त्या आठवड्यापासून. स्नायू हळूहळू दुबळे करणारा हा रोग बरा करणारं औषध नाही. १९९५ पासून वापरात असलेलं रिलुझोल आयुष्य सरासरी काही महिन्यांनीच वाढवतं. म्हणून त्रास कमी करणं हाच इथे मुख्य उपचार.

सकाळी डोकं दुखणं, दिवसा पेंग येणं, आडवं होताच धाप लागणं : श्वासाचे स्नायू थकल्याची ही चिन्हं. रात्री लावायचं बायपॅप यंत्र झोप सुधारतं, अनेकांचं आयुष्यही वाढवतं. गिळणं अवघड झालं की पोटात नळी बसवतात. ती श्वासाची ताकद फार घसरण्याआधी बसवलेली बरी. ‘अजून दोन घास जातात ना’ म्हणत घरचे लांबवतात आणि धोका वाढवून ठेवतात. लाळ आवरायला औषधं आहेत. पुढे बोलणं अवघड होतं, म्हणून आवाज स्पष्ट असतानाच ध्वनिमुद्रित करून ठेवावा. मॉर्फीनचं नाव काढताच नातेवाईक दचकतात. पण तज्ज्ञांनी ठरवलेल्या छोट्या मात्रेत ते धाप हलकी करतं.

व्हेंटिलेटर हवा की नको, हे रुग्णाला बोलता येतंय तोवरच विचारावं. असा निर्णय आधीच लिहून ठेवण्याच्या वैद्यकीय इच्छापत्राला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली; २०२३ पासून त्यासाठी दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात.