अधिकार : एका शब्दाचे दोन अर्थ

'अधिकार' या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत : पात्रता आणि हक्क. धर्मचिकित्सेच्या वादात पहिल्याच्या आधारे दुसरा नाकारला जातो. या दृष्टीने मुक्ता साळवे यांचा १८५५ साली 'ज्ञानोदया'त प्रसिद्ध झालेला निबंध लक्षणीय ठरतो. लेखिका जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतील, मातंग समाजातील, सुमारे चौदा वर्षांची विद्यार्थिनी होती. वेदाध्ययनाची जिला मनाई, तिच्याकडे वेदज्ञानाची पात्रता मागणे हा तर्कदोष होय. मुक्ताबाई हाच तर्क उलटवितात : वेद केवळ ब्राह्मणांचे असतील, तर आम्ही धर्मग्रंथाविना, म्हणून धर्माविनाच ठरतो. येथे पात्रता ग्रंथातून नव्हे, सोसण्यातून येते. संविधानाच्या १९व्या अनुच्छेदानेही अभिव्यक्तीला विद्वत्तेची अट घातलेली नाही. तज्ज्ञाने विधानातील चूक अवश्य दाखवावी. बोलणाऱ्याचा अधिकार तपासू नये.