तयार सांचा आणि आपलें काम

गडहिंग्लज तालुक्यांतील नेसरी हें गांव आपणांपैकीं बहुतेकांस एकाच कारणानें ठाऊक असतें. २४ फेब्रुवारी १६७४ या दिवशीं सरनौबत प्रतापराव गुजर केवळ सहा स्वारांनिशीं बहलोलखानाच्या फौजेवर चालून गेले आणि तेथेंच पडले. कुसुमाग्रजांच्या कवितेनें ही हकीकत घरोघरीं पोंचविली. मध्यंतरीं त्या बाजूस जाण्याचा योग आला असतां तेथील एका विद्यार्थिनीची गांठ पडली. वय एकोणीस. दोन वर्षें तिनें गांवांतील वृद्धांकडून या लढाईविषयींच्या आठवणी व आख्यायिका ध्वनिमुद्रित केल्या होत्या, स्मारकाचीं छायाचित्रें घेतलीं होतीं, दोन वह्या भरल्या होत्या. पुण्याच्या एका अभ्यासक्रमासाठीं ती अर्ज करीत होती आणि अर्जांत एक रकाना होता : आपल्या कामाचा दुवा द्यावा. मुदत चार दिवसांची. वडील म्हणाले, "मार्कलिस्ट हाय की गं, आणि काय दावायचं?"

दाखवावयाचें होतें तें काम गुणपत्रिकेंत मावणारें नव्हतें. त्यासाठींच विद्यार्थ्याचा कार्यसंग्रह, ज्यास हल्लीं सर्वत्र पोर्टफोलिओ म्हणतात, तो संकेतस्थळाच्या रूपानें मांडण्याची पद्धत पडली आहे. आणि चार दिवसांत तो उभा करणें शक्य होतें तें तयार सांच्यामुळें.

सांचा म्हणजे काय, हें छापखान्यांतील लग्नपत्रिकेवरून चटकन ध्यानांत येईल. वेलबुट्टी, गणपति, मजकुराची जागा हें सारें आधींच ठरलेलें असतें. नांवें व मुहूर्त तेवढा बदलावयाचा. संकेतस्थळाचेंहि तसेंच. शीर्षक कोणतें व परिच्छेद कोणता हें सांगण्याचें काम एचटीएमएल ही खूणभाषा करते. तीं दिसावींत कशीं, हें सीएसएस ठरविते. सांचा करणारानें दुसरें काम आपल्यासाठीं उरकून ठेवलेलें असतें. गूगल साइट्ससारख्या सेवेंत तर या दोन्ही भाषांचा स्पर्शहि होत नाहीं; रिकाम्या चौकटींत मजकूर व चित्रें ठेवावयाचीं. गिटहब पेजेसवर सांच्याच्या फाइली आपल्या खात्यांत उतरवून घेऊन त्या स्वतः बदलाव्या लागतात. कष्ट अधिक, परंतु त्या फाइली उचलून उद्यां अन्यत्र नेतां येतात. वेळ थोडा असल्यानें या मुलीनें पहिला मार्ग धरला. मात्र खातें स्वतःचें वापरलें, हें शहाणपणाचें झालें. संस्थेनें दिलेलें खातें शिक्षण संपल्यावर बंद होऊं शकतें आणि त्याबरोबर संकेतस्थळहि जातें.

पहिली अडचण मराठीचीच आली. एक वही तिनें पूर्वीं टंकलेखनाच्या दुकानांतून टंकित करून घेतली होती. तो मजकूर चौकटींत चिकटवितांच रोमन अक्षरांची खिचडी झाली. जुन्या पद्धतीच्या टंकांत मराठी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या आसनांवर बसविलेले असत. तो टंक ज्या यंत्रांत नाहीं तेथें आसनाचा मूळ मालक प्रकट होतो. युनिकोडमध्यें तसें होत नाहीं. तेथें प्रत्येक अक्षरास स्वतःचा क्रमांक आहे. 'क' चा क्रमांक षोडशमान पद्धतीनें ०९१५. जुना मजकूर युनिकोडमध्यें बदलून देणारीं साधनें आहेत, पण जोडाक्षरें व रफार कित्येकदां बिघडतात, म्हणून सारें पुन्हां वाचावें लागतें. एक रात्र त्यांत गेली.

छायाचित्रांचें त्या मानानें सोपें होतें. चार मेगाबाइटचें एकेक, अशीं वीस. म्हणजे ऐंशी मेगाबाइटांचें ओझें. प्रत्येक चित्र तीनशें किलोबाइटांच्या आसपास आणल्यावर सारें सहांत आलें, आणि रेंज अंधुक असलेल्या ठिकाणींहि पान उघडूं लागलें.

सांच्यांत 'माझीं कौशल्यें' नांवाचा एक विभाग होता. मराठी नव्वद टक्के, संगणक सत्तर टक्के, अशा रंगीत पट्ट्या. हीं मापें कोणी घेतलीं? मीं तो विभाग काढून टाकावयास सांगितला. त्याच्या जागीं तिनें प्रत्येक कामाखालीं तीन गोष्टी लिहिल्या : काय शोधावयाचें होतें, काय केलें, कोठें चुकलें. दोन वृद्धांच्या कथनांत मेळ बसत नव्हता; तिनें दोन्ही कथनें शेजारीं शेजारीं ठेवलीं आणि ऐकलेलें, वाचलेलें व स्वतः पाहिलेलें असे तीन भाग वेगळे केले. माझ्या मतें साऱ्या संग्रहांत तेंच पान सर्वांत मोलाचें. तळाशीं मात्र सांच्याचा नमुना-मजकूर, तो 'लोरेम इप्सम' नांवाचा मोडका लॅटिन उतारा, तसाच राहून गेला होता. पत्रिकेंत आधीच्या वधूचें नांव राहावें, तसला हा प्रकार. सिसेरोच्या ग्रंथाचे ते तुकडे नेसरीपर्यंत आलेले पाहून हंसूं आलें, इतकेंच.

स्वतःचा दूरध्वनि, जन्मतारीख व घरचा पत्ता तिनें गाळला. संपर्कासाठीं ई-मेल पुरतो. ज्यांचे आवाज व चेहरे घेतले त्यांच्याकडे जाऊन, हें जगास ऐकूं जाईल असें स्पष्ट सांगून तिनें संमति घेतली. एका आजींनीं नकार दिला. त्यांचें मुद्रण काढलें. शिक्षकांनीं लहान मुलांकडून असे संग्रह करवितांना अधिक जपावें. २०२३ च्या वैयक्तिक विदासंरक्षण कायद्यानें अठरा वर्षांखालील व्यक्ति बालक ठरते आणि पालकांच्या संमतीचा प्रश्न येतो.

खरा घात तिसऱ्या दिवशीं उघड झाला. तिच्या लॅपटॉपवर सर्व कांहीं ठीक दिसत होतें. वडिलांच्या फोनवर दुवा उघडला, तों ध्वनिमुद्रणांच्या जागीं एकच सूचना : पाहण्याची परवानगी मागा. संकेतस्थळ प्रसिद्ध झालें होतें; परंतु ध्वनिमुद्रणें गूगल ड्राइव्हमध्यें होतीं व त्यांची परवानगी निराळी असते, ती केवळ तिच्यापुरतीच होती. परीक्षकांनीं तें पान उघडलें असतें तर दोन वर्षांच्या श्रमाच्या जागीं त्यांस कुलुपें दिसलीं असतीं. म्हणून खात्यांतून बाहेर पडून, परक्याच्या यंत्रावर एकदां सारे दुवे दाबून पाहावेत.

चौथ्या दिवशीं सायंकाळीं अर्ज गेला. दुसऱ्या सकाळीं ध्वनिमुद्रित आजोबांपैकीं एक जण नातवाचा फोन हातांत घेऊन दारांत उभे. स्वतःचा आवाज त्यांनीं तीनदां ऐकला होता. म्हणाले, "पोरी, वढ्याचं नांव म्या चुकीचं सांगितलं बग." तिनें मूळ मुद्रण तसेंच ठेवून खालीं दिनांक घालून दुरुस्ती लिहिली, आणि आजोबांना ती मोठ्यानें वाचून दाखविली.