उचललेला माल आपोआप खाली का येतो?
मस्कतच्या अल् घुब्रामधलं गोदाम, जूनची दुपार. लिव्हर सोडल्यावरही फोर्कलिफ्टवरचा माल हळूहळू खाली येतोय. पंप बिघडला, असं तुम्हाला वाटेल. पण उचललेलं वजन पंप नाही, सिलिंडरमध्ये कोंडलेलं तेल पेलत असतं. 46 ग्रेडचं साधं हायड्रॉलिक तेल 40 अंशांवरून 80 अंशांपर्यंत तापलं, की त्याचा दाटपणा साधारण पाव हिस्साच उरतो. मग झिजलेल्या सीलमधून ते सहज निसटतं. त्यात समुद्राकाठची दमट हवा टाकीत शिरते. तेल दुधाळ दिसलं, तर पाणी मिसळलंय समजा.

अशा वेळी माल उतरवून गाडी बाजूला लावा, तेल आणि सील तपासून घ्या. गळती हाताने चाचपू नका. दाबाखालची बारीक धार कातडीत घुसते. आणि काट्यांखाली कधीच कुणाला उभं राहू देऊ नका.